मास्तरांच्या समुद्रात बुडालेली म्हैस

रंगनाथ मास्तरांची म्हैस पहिल्यांदा समुद्रात बुडाली ती घोडेगावात, स्वतःच्या गोठ्यात, सकाळच्या चांगल्या उजेडात. घोडेगावापासून समुद्र किती लांब आहे ते भूगोलाच्या माणसाला विचारावं. मास्तर चित्रकलेचे. त्यांच्या मते निळा रंग पुरेसा असला की समुद्र कुठंही होतो.

त्याचं असं झालं, की म्हैस विकायची होती. आणि ती विकायची होती कारण मास्तरांना समुद्र बघायचा होता. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं ज्याच्या घरी म्हैस नाही तोच विचारील. म्हशीला सकाळ-संध्याकाळ धार असते. ती मास्तरांच्या बायकोनं, रतनबाईंनीच काढायची, असा रतनबाई आणि काजळी म्हैस यांच्यातला करार होता, आणि त्यात मास्तरांना कुणी विचारलेलं नव्हतं. त्यामुळे मास्तर निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसले तरी त्या खुर्चीचं दावं गोठ्यालाच बांधलेलं. एकट्यानं जाऊन यावं, तर एकट्यानं समुद्र बघणं म्हणजे एकट्यानं जिलेबी खाणं. गोड लागते, पण "गोड आहे" असं म्हणायचं कुणाला?

मास्तरांनी जन्मभर समुद्र रंगवला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी चादरी जोडून एक भला मोठा पडदा केला आणि त्यावर अथांग सागर काढला. नवा पडदा करायला शाळेकडे कधी पैसे नसत, म्हणून ऐतिहासिक नाटक असो की हुंडाबंदीचं, मागे समुद्र कायम. मावळे समुद्रासमोर लढले, सासवांनी समुद्रासमोर छळलं आणि समुद्रासमोरच त्या सुधारल्या. शाळेची सहल मात्र दरवर्षी वेरूळला जाई. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "सर, समुद्राचा आवाज कसा येतो?" मास्तरांनी अधिकारवाणीनं सांगितलं, "घुमतो." नंतर कित्येक दिवस त्यांना चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

तर शेवटी रतनबाई तयार झाल्या. पण त्यांची अट होती.

"बाजारात हुबी करायची न्हाई," त्या म्हणाल्या. "कोन येऊन कास दाबनार, कोन शेपूट उचलून बघनार. माझ्या म्हशीला काय अब्रू हाय का न्हाई? आनि जिच्या घरी जानार त्या बाईशी मी बोलनार. ती बाई मला पटली तर म्हस."

मास्तरांनी मग म्हैस फोनवरूनच दाखवून विकायचं ठरवलं. दर शुक्रवारी जिथं म्हशींचा बाजार भरतो त्या घोडेगावात राहून म्हैस बाजारात न्यायची नाही, म्हणजे नदीकाठी राहून आंघोळीला टँकर बोलवायचा. शेजारचा गोरक्ष तर हसून हसून कट्ट्यावरून घसरायचाच राहिला. गोरक्ष हा म्हशींचा व्यापारी. उपरण्याखाली हात घालून, नुसती बोटं दाबून सौदे करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणजे धरणारे पुष्कळ होते, पण त्यांची बोटं नंतर दुखत.

"फोनवर म्हस इकनार?" तो म्हणाला. "मास्तर, फोनमदी कास दाबता येती व्हय? मला द्या. शुक्कारी दुपारपर्यंत मोकळं करतो तुमाला."

 मास्तर उठले आणि उजागरे सरांकडे गेले.

जॉर्ज उजागरे हे त्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. लॉकडाऊनमध्ये त्यांनी चर्चची रविवारची उपासना मोबाईलवरून दाखवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून मोबाईलच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. ते फोन घेऊन गोठ्यात आले, त्यांनी चारी बाजूंनी पाहणी केली आणि त्यांची नजर मागच्या भिंतीवर थांबली. मागे भिंत नव्हतीच. तिथं एक जुना फ्लेक्स ताणून बांधला होता, कुठल्याशा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा. नेता उंदरांनी खाल्ला होता, पण खालचे शुभेच्छुक शाबूत होते. ओळीनं सगळे, गॉगल घालून.

"हे बरं दिसत नाही, सर," उजागरे म्हणाले. "मागं दुसरं काहीतरी लावू. हल्ली लावता येतं. आमच्या उपासनेला मी मागं निळं आकाश लावतो. भिंतीचे पोपडे दिसत नाहीत आणि लोकांना प्रसन्न वाटतं."

"म्हणजे पडदा?" मास्तर दोन पावलं पुढे आले.

"पडदाच म्हणा. तुम्हाला हवा तो."

मास्तरांकडे त्या जुन्या पडद्याचा फोटो होताच. उजागरे सरांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं आणि फोन मास्तरांच्या हाती दिला. मास्तरांनी पाहिलं आणि त्यांना बसायला काही मिळतं का ते चाचपावं लागलं. फोनमध्ये ते स्वतः उभे होते, मुंडाशातले, दाढी वाढलेले, आणि त्यांच्या मागे क्षितिजापर्यंत समुद्र पसरला होता. त्यांनी डावीकडे मान केली, समुद्र होता. उजवीकडे केली, समुद्र होता. आपण काढलेल्या पाण्यात आपणच जाऊन उभं राहायचं हे भाग्य भल्याभल्यांना लाभलेलं नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

त्या दिवसापासून दुपारच्या वेळी, गाव पेंगत असताना, मास्तर गोठ्यात जाऊन उभे राहू लागले. फोन कुणालाच लावलेला नसे. समोर खुंटीला फोन टांगलेला, त्यात ते आणि समुद्र. काजळी शेजारी रवंथ करत असे आणि तिच्या त्या संथ, ओल्या आवाजाला मास्तर मनातल्या मनात लाटा समजत. शेणाचा वास यायचा, पण समुद्रालाही काहीतरी वास असतोच असं त्यांनी ऐकलं होतं.

उजागरे सरांनी मोबाईलवर जाहिरात टाकली आणि पहिला व्हिडिओ कॉल आला तो नेवाशाच्या ओमचा. हा तरुण डेअरीसाठी म्हशी शोधत होता. मास्तर स्वच्छ सदरा घालून, काजळीच्या शेजारी, रुबाबात उभे राहिले.

"मास्तर, म्हस कुठंय?" ओमनं विचारलं.

"ही काय, माझ्या उजव्या हाताला."

"उजव्या हाताला समुद्र हाय."

"समुद्राकडे दुर्लक्ष करा. नीट बघा."

"नीटच बघतोय की. आनि ही पोरं कोन म्हनायची? पान्यात, गॉगल घालून?"

मास्तरांनी फोनमध्ये निरखून पाहिलं. काजळी खरोखरच नव्हती. मात्र लाटांमधून शुभेच्छुकांची मुंडकी एकेक करून वर येत होती, हसत होती आणि बुडत होती.

"ते शुभेच्छुक आहेत," मास्तर म्हणाले.

"बुडत्यात वाटतं."

"बुडू द्या. आपला त्यांच्याशी संबंध नाही." एवढ्यात काजळीनं माशी हाकलायला मान फिरवली आणि समुद्रातून एक वाकडं शिंग निघून मास्तरांच्या कानाजवळून गेलं. पलीकडे ओम ओरडला आणि फोन बंद झाला. संध्याकाळपर्यंत म्हशी घेणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या गटावर निरोप फिरला होता, की घोडेगावात एक म्हैस विक्रीला आहे, पण मालक दाखवत नाही. गोरक्षनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा.

उजागरे सरांनी निदान केलं. "सर, या फोनला माणूस शिकवलेला आहे, म्हैस शिकवलेली नाही. माणूस दिसला की तो ठेवतो. बाकी सगळा त्याच्या लेखी मागचा देखावा."

रतनबाईंना हे लागलं. "ह्या घरात मागचा देखावा कोन हाय, ते त्या फोनला काय ठावं?" असं म्हणून त्यांनी काजळीच्या पाठीवर हात ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं.

आता कुणीही म्हणेल, की मग तो पडदा काढून टाकावा आणि म्हैस दाखवावी. रतनबाई म्हणाल्याच. पण कलावंताला अशी सोपी वाट सुचवणं म्हणजे त्याचा अपमान असतो. "पडद्याशिवाय प्रयोग होत नाही," मास्तर म्हणाले. "आणि लोकांनी काय बघायचं? उंदरांनी खाल्लेला पुढारी?" खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. समुद्र लावलेला असला की आपण अर्ध्या वाटेवर पोचलोय असं त्यांना वाटे आणि तो काढला की पुन्हा घोडेगाव.

मग सल्ल्यांना ऊत आला. उजागरे सर म्हणाले, म्हैस काळी, गोठा काळोखी, फोनला कडा सापडत नाहीत, थोडी पावडर लावा. मास्तरांनी अख्खा डबा लावला. काजळीनं एकच शिंक दिली आणि पावडर मास्तरांवर परत आली. त्या दिवशी फोनमध्ये समुद्रापुढे एक पांढरं भूत तेवढं दिसलं. गोरक्षचं म्हणणं पडलं, की फोनला माणूस पाहिजे ना, मग म्हशीला माणूस करा. कपाळाला कुंकू लावा, डोक्यावर पदर द्या. रतनबाईंनी आपलं जुनं लुगडं आणून काजळीच्या शिंगांवरून पदर दिला. ती इतकी शालीन दिसू लागली, की गोरक्षनं नकळत टोपी नीट केली. फोनलाही शंका आली. त्यानं पदर ठेवला, कुंकू ठेवलं, एक डोळा ठेवला आणि बाकीची काजळी समुद्राला देऊन टाकली. मास्तरांनी शेजारी उभं राहून त्याचाच फोटो काढून ठेवला, कारण चित्र म्हणून तो अप्रतिम होता.

तो फोटो त्यांना भोवला. म्हशीच्या कानात बिल्ला असतो आणि ती विकली की त्या बिल्ल्यापुढचं मालकाचं नाव बदलावं लागतं. म्हणून मास्तरांनी अर्ज आधीच करून ठेवला होता. जनावरांच्या कचेरीनं मालकाचा जनावरासह फोटो मागितला. मास्तरांनी जवळ होता तो पाठवला. उत्तर आलं: 'जनावर आढळून येत नाही. मालक समुद्रकिनारी आढळून येतो. सबब जनावर जिल्ह्याबाहेर नेल्याचा परवाना सादर करावा.'

मास्तर स्वतः गेले. साहेबांनी फोटो उलटा-सुलटा करून पाहिला.

"ही बाई कोण?"

"ती म्हैस आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "आणि समुद्र?"

"तो मी काढलाय."

"काढलाय?" साहेब खुर्चीत सरळ झाले. "कुणाच्या परवानगीनं?"

चित्र काढलंय, असं मास्तरांनी समजावून सांगेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर साहेब मऊ झाले होते. लाटा छान आल्यात, असंही म्हणाले. फक्त कानाचा जवळून फोटो आणा, बाकी काही दिसलं नाही तरी चालेल, म्हणाले. रंगकर्माची पहिली सरकारी दखल म्हणून मास्तरांनी ते लाटांचं वाक्य घरी येईपर्यंत पुन्हा पुन्हा आठवलं.

आणि मग कोल्हारहून जयाचा फोन आला.

जया आणि तिचा नवरा कानिफनाथ प्रवरेच्या काठाला शेती करत. घरात दुभतं नव्हतं. रतनबाईंना बोलायचंच होतं, म्हणून त्याच फोनसमोर आल्या. मास्तरांनी समुद्र लावून ठेवला होता. रतनबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या आपल्या नेहमीसारख्या काजळीशेजारी उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता त्यांचा हात तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीवरून फिरू लागला, मग कानामागे, मग दोन शिंगांच्या मध्ये, जिथं तिला खाजवलेलं आवडे तिथं. तिला पाणी कोमट लागतं, त्या सांगत होत्या. पेंड भिजवून. अंगावर ओरडायचं नाही. बऱ्याच वेळानं त्यांना म्हैस दाखवायची आठवण झाली.

"दिसली का गं म्हस?"

"न्हाई, मावशी."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. संपलं, ते मनाशी म्हणाले. गेला समुद्र.

"मागं निळं निळं हाय आनि तुमचा हात दिसतोय," जया म्हणाली. "हवेतच फिरतोय. पर मावशी, हात असा फिरतोय, त्यावरनं जनावर कसं हाय ते समदं कळलं बघा. आमी उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी दोघं टेम्पो घेऊन आली. काजळीनं जयाचा हात हुंगला, मग पदर हुंगला आणि पदराचं टोक तोंडात घेतलं. सौद्याला गोरक्ष आपण होऊन हजर झाला. दलाली नको, पण फोनवर म्हैस विकली असं गावात व्हायला नको, म्हणाला. त्यानं उपरणं पसरलं आणि खाली कानिफनाथचा आणि मास्तरांचा हात दिला. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पाहुण्याशी प्रेमानं वागावं म्हणून त्यांनी कानिफनाथची बोटं हळुवार दाबली. कानिफनाथ चपापला. "मास्तर, एवढ्या स्वस्तात देता?" तो म्हणाला. मास्तरांनी घाबरून आणखी एक बोट दाबलं. कानिफनाथनं गोरक्षकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता ह्ये म्हशीवर वर पैसे द्याया लागले."

"व्हा बाजूला," रतनबाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा हात उपरण्यातून काढला आणि आपला घातला. पलीकडून कानिफनाथचा हात निघाला आणि जयाचा गेला. घोडेगावच्या व्यवहारात दोन बायकांचे हात उपरण्याखाली गेलेले गोरक्षनं कधी पाहिले नव्हते. तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. उपरणं थोडं हललं, मग बराच वेळ हललंच नाही. बोटांची भाषा दोघींनाही येत नसावी. त्या नुसत्या हात धरून उभ्या होत्या. शेवटी दोघी एकदमच "झालं" म्हणाल्या आणि काय ठरलं ते आजतागायत गोरक्षला कळलेलं नाही.

टेम्पो गेला. रतनबाईंनी गोठा झाडला. रिकामा गोठा त्यांनी दुसऱ्या दिवशीही झाडला, तेव्हा मास्तर एसटीची तिकिटं घेऊन आले.

दिवेआगरला ते पोचले ते दुपार कलताना. सुरूच्या झाडांतून वाळूवर आले आणि समोर समुद्र होता. मास्तर थांबले. तो त्यांच्या पडद्यासारखा निळा नव्हता. राखाडी होता, हिरवट होता, मध्येच मातकट होता आणि एका जागी उभा राहत नव्हता. त्याला कडा नव्हती. सगळा चुकलोच की आपण, त्यांना वाटलं, आणि चुकल्याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. त्यांना रतनबाईंना काहीतरी सांगायचं होतं. जन्मभर जमवून ठेवलेलं, मोठं, सुंदर असं काहीतरी. शब्द ओठांवर आले आणि पिशवीतला फोन वाजला.

जया होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, काजळी पान्हा चोरती. आल्यापास्नं निसती शितोडं देती. पेंड घातली, गोंजारलं, समदं केलं." मागून कानिफनाथ डोकावला. "राम राम मास्तर! पडदा लई भारी लावलाय. आता लाटा बी हलत्यात. पर जरा काढा की, मावशींचं तोंड दिसंना."

"खरा आहे तो!" मास्तर ओरडले. "खरा समुद्र आहे!"

"व्हय व्हय," कानिफनाथ समजूतदारपणे म्हणाला.

मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं, पण हे नवीन होतं. ते पुढे काही बोलणार, तेवढ्यात रतनबाईंनी फोन आपल्याकडे घेतला. धारेची वेळ झाली होती. घोडेगावाहून निघाल्यापासून त्यांचे हात नुसतेच मांडीवर पडलेले होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना उमगत नव्हतं.

"जया, फोन नवऱ्याला तिच्या कानाशी धराया लाव," त्या म्हणाल्या. "आनि तू बस खाली चरवी घेऊन."

फोनमध्ये आधी अंधार दिसला, मग एक मोठा काळा कान, त्यातला पिवळा बिल्ला. रतनबाई लाटांच्या आवाजावरून बोलू लागल्या, रोज गोठ्यात बोलत तशा, हलक्या.

"काजळे, ऐकतीस का? आमी समिंदरावर आलोय बघ. ह्येंचा समिंदर. लई पानी हाय गं, लई म्हंजे लई. नजर पुरत न्हाई. तुला डुंबाया चांगलं, पर प्यायाजोगं न्हाई, खारट हाय. आनि येतंया आनि मागं जातंया, येतंया आनि मागं जातंया. तुझ्यावानीच, ह्येला बी येका जागी बसवत न्हाई. तू दूध दे बाई. जया चांगली हाय. मी हाय हितं."

कान हलला. फोनमधून काजळीचा लांब सुस्कारा आला. आणि मग धारेचा तो आवाज आला. आधी रिकाम्या चरवीच्या तळावर टणटणीत आणि पुढं पुढं भरदार, जाड, फेसाळ होत गेलेला.

मास्तर शेजारी उभे होते. समुद्राबद्दल जे सांगायचं होतं ते सगळं त्यांच्या ओठांवर तसंच होतं. त्यांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि तिनं सांगितलं त्यात घालण्यासारखं आपल्याकडे काही नाही असं त्यांच्या लक्षात आलं. ते वाळूत रतनबाईंच्या शेजारी बसले आणि चरवी भरेपर्यंत दोघांनी फोन मिळून धरला.